अळीव पेरलेला रोमन पूल

खमीस मुशैतमध्ये माझी चार वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली, असं मी म्हटलं की नवरा लगेच दुरुस्ती करतो, "अगं, बाल्कनीही होती." होती हे खरं. त्या बाल्कनीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या आणि त्यांच्यामागे डोंगर. नवरा तिथल्या सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता. मी लग्नाआधी मिरजेच्या एका शाळेत सात वर्षं इतिहास शिकवलेला. इथे आल्यावर मी डॉक्टरांची मिसेस झाले, आणि त्या पदाला काम असं काही नसतं.

गाव थंड हवेचं. सौदी म्हटल्यावर माझ्या माहेरच्यांच्या डोळ्यांपुढे वाळू यायची, आणि मी फोनवर सांगायचे की आत्ता मी स्वेटर घालून बोलतेय, तर आईला वाटायचं ही बरं वाटावं म्हणून खोटं बोलते. तक्रार करण्यासारखं खरंच काही नव्हतं. पण मला कोणी काही विचारत नव्हतं. शाळेत असताना दिवसाला पन्नास प्रश्न यायचे. त्यातले चाळीस "बाई, पाणी पिऊन येऊ?" असे असायचे, पण उरलेले दहा खरे असायचे. इथे चार वर्षांत मला आलेला सगळ्यांत अवघड प्रश्न म्हणजे "आज भाजी काय?" मी चिडचिडी झाले होते. नवरा हॉस्पिटलातून आला की मी त्यालाच पेशव्यांबद्दल काहीतरी सांगायला लागायचे, आणि तो सोफ्यावर बसल्या बसल्या झोपायचा. लोकांना झोपवणं हा त्याचा धंदा, त्यामुळे स्वतःला झोपवायला त्याला औषधही लागायचं नाही.

अशात कळलं की गावातल्या लहानशा भारतीय शाळेत समाजशास्त्राच्या बाईंची जागा रिकामी झाली आहे. मी अर्ज केला. प्राचार्य मॅडम केरळच्या, साठीच्या आसपासच्या, चष्मा साखळीला बांधलेला. त्यांनी फोनवर इंग्रजीत सांगितलं की सहावीच्या मुलींना चाळीस मिनिटांचा एक तास घेऊन दाखवायचा. विषय रोमन लोकांचे पाणी वाहून नेणारे पूल. "मॉडेल असेल तर बरं," त्या म्हणाल्या. "आणखी एक उमेदवार आहेत. हैदराबादच्या. त्या प्रोजेक्टर आणणार आहेत."

प्रोजेक्टर हा शब्द ऐकला आणि माझं पित्त खवळलं. मी नवऱ्याला सांगितलं, "मी पाणी वाहणारा पूल करून दाखवणार."

"प्रोजेक्टरच्या पुढे?"

"प्रोजेक्टरमधून पाणी येत नाही."

त्याला हे पटलं. मग त्याने मला मुलाखतीचा एकच सल्ला दिला, जो तो स्वतः आयुष्यभर पाळत आला होता. "काही झालं तरी 'माहीत नाही' म्हणायचं नाही. डॉक्टरने आणि मास्तरने हे दोन शब्द म्हटले की संपलं. म्हणायचं, चांगला प्रश्न आहे, आपण नंतर बोलू." मी मान डोलावली. ही नोकरी मला हवी होती, आणि किती हवी होती ते मी त्यालासुद्धा पुरतं सांगितलं नव्हतं. मला भीती वाटत होती की चार वर्षांत माझ्यातली मास्तरीण आटून गेली असेल, आणि या तासाला ते सगळ्यांसमोर कळेल.

आता पूल कशाचा करायचा? हैदराबादच्या बाईंनी थर्माकोल घेतला असता. पण मी लहानपणापासून दिवाळीत किल्ला केलेली. आमच्या आळीत मुलांचे किल्ले असायचे आणि माझा एकटीचा असायचा, आणि भाऊ मान्य करणार नाहीत, पण बुरूज माझेच सरळ यायचे. मला थर्माकोलमधलं काही कळत नाही. मातीतलं कळतं. म्हणून रोमचा पूल मातीचा ठरला.

माती आणायला शुक्रवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या रस्त्याला गेलो. डॉक्टरसाहेब आमटीचा डाव घेऊन उकिडवे बसून उतार खणत होते आणि मी गोणी धरून उभी. तेवढ्यात पोलिसांची गाडी थांबली. पोलिसाने खिडकीतूनच विचारलं, "एश हाज़ा?" हे काय चाललंय? नवऱ्याला अरबीत रोगाची लक्षणं विचारता येत होती, रोमन स्थापत्य सांगता येत नव्हतं. तो डाव वर करून म्हणाला, "मदरसा." म्हणजे शाळा. पोलिसाने डावाकडे पाहिलं, गोणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि "यल्ला", म्हणजे चला, म्हणून निघून गेला.

कमानींसाठी मी फूलचे रिकामे डबे वापरले. फूल म्हणजे इथल्या न्याहारीतलं वालासारख्या दाण्यांचं कालवण, ते डब्यात तयार मिळतं. डबा आडवा ठेवायचा, त्यावर माती थापायची, दोन दिवसांनी डबा अलगद ओढून घ्यायचा, की कमान उभी. सहा कमानींसाठी सहा डबे लागले, आणि आम्ही आठवडाभर सकाळ-संध्याकाळ फूल खाल्लं. पुलाच्या माथ्यावर पाण्याचा पन्हळ कोरला आणि आतून मेणबत्तीचं मेण ओतून घेतलं, म्हणजे माती भिजणार नाही.

रोमन लोकांची खरी हुशारी कमानीत नाही, उतारात आहे. पंप नाही, मोटार नाही. डोंगरातला झरा ते शहरातला हौद, मध्ये दऱ्या आणि नद्या, आणि हे सगळं अंतर पाण्याने आपल्या पायांनी चालत जायचं. उतार जास्त झाला तर पाणी पन्हळ फोडतं, कमी झाला तर थांबतं. आमचा उतार नवऱ्याने ठरवला. अर्धी भरलेली सलाईनची बाटली पुलावर आडवी ठेवून तो एक डोळा मिटून पाण्याची रेघ बघायचा आणि म्हणायचा, "डाव्या बाजूला दोन मिलिमीटर." पाणी सोडायला त्याने पडद्याच्या दांड्याला बाटली टांगून नळी जोडली. थेंब किती पडतात ते घड्याळ लावून मोजले. मी म्हटलं, "अरे, रोमला सलाईन लावतोयस." तो म्हणाला, "पेशंट स्टेबल आहे."

घरातली चाचणी झकास झाली. पाणी एका टोकाला पडलं आणि शांतपणे चालत दुसऱ्या टोकाच्या वाटीत गेलं. आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून ते बघत होतो. मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा करून दिला, आणि तेही न मागता.

इथे थांबायला हवं होतं. पण किल्ला केला आणि त्यावर अळीव पेरले नाहीत, असं आमच्याकडे होत नाही. डोंगर हिरवा दिसला पाहिजे. बाजारातल्या येमेनी मसालेवाल्याकडे अळीव मिळतात, तिथे त्यांना रशाद म्हणतात. मी पुलाच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर ते चार दिवस आधीच पेरले होते आणि छान कोंब आले होते. खाली दोन रियालच्या दुकानातले प्लास्टिकचे उंट ठेवले, कारण त्या दुकानात रोमन माणसं मिळत नव्हती. तासाच्या आदल्या संध्याकाळी नवरा हात मागे बांधून पाहणी करत आला आणि म्हणाला, "या बाजूला टक्कल दिसतंय." दिसत होतं. मी मूठभर अळीव आणून टकलावर भुरभुरले. आता ते उगवणार नव्हते, पण लांबून मातीचा रंग तरी एकसारखा दिसेल, असा माझा हिशोब.

सकाळी पूल मागच्या सीटवर आणि मी त्याच्याशेजारी त्याला धरून, असे आम्ही निघालो. खमीसच्या रस्त्यांवर गतिरोधक बरेच. प्रत्येक गतिरोधकावर टकलावरचे दोन-चार अळीव घरंगळून पन्हळात जाऊन बसत होते, हे मला नंतर कळलं. मुलींच्या विभागात पुरुषांना प्रवेश नव्हता, म्हणून नवऱ्याला फाटकाबाहेरच थांबावं लागलं. शाळेतल्या मदतनीस बाई आणि मी पूल उचलून आत नेला. मी आत जाताना त्याने गाडीच्या खिडकीतून शेवटची सूचना केली, "नळीचा क्लॅम्प हळू उघड."

वर्गात एकतीस मुली होत्या. सगळ्यांनी उठून "गुड मॉर्निंग मिस" म्हटलं. प्राचार्य मॅडम शेवटच्या बाकावर वही घेऊन बसल्या. मी हिंदी-इंग्रजी मिसळून सुरुवात केली. पहिली पाच मिनिटं माझा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी येत होता. मग गावाजवळच्या हवाईदलाच्या तळावरून लढाऊ विमानं उडाली, खिडक्या थरथरल्या, सवयीने सगळ्या मुली हलायच्या थांबल्या आणि आवाज गेल्यावर पुन्हा हलायला लागल्या. त्या थांबण्यात मी श्वास घेतला, आणि त्यानंतर बोलायला लागले ती मीच होते.

फळ्याच्या खिळ्याला टांगलेल्या बाटलीचा क्लॅम्प हळू उघडला. पाणी निघालं. मुली बाकांवर गुडघे टेकून पुढे झुकल्या. पाणी पहिली कमान ओलांडून गेलं, मग दुसरी, मग उरलेल्या, आणि वाटीत पडलं. कोणीतरी टाळी वाजवली. मी मनातल्या मनात हैदराबादच्या बाईंना नमस्कार केला.

मग कमानीतला कळीचा दगड समजावून सांगत मी फळ्याकडे वळले. चित्र काढून परत आले तर वाटीत पाणी पडत नव्हतं. चौथ्या कमानीवर पन्हळात करडा, चिकट, लिबलिबीत गोळा झाला होता. अळीव. अळीव भिजले की फुगतात, त्यांना डिंकासारखा चिकट थर सुटतो, हे मराठी बाईला कोणी शिकवायला लागतं? आमच्याकडे बाळंतिणीला अळिवाचे लाडू करताना ते नारळाच्या पाण्यात भिजत घालतात ते फुगतात म्हणूनच. हे मला माहीत होतं. माझ्या आजीच्या आजीला माहीत होतं. आणि मी ते रोमच्या तोंडात कोंबले होते.

मी पेनाच्या टोकाने गोळा ढकलायचा प्रयत्न केला. तो थोडा सरकला आणि पुढच्या अळिवांना जाऊन मिळाला. मागे पाणी तुंबलं, काठावरून सांडलं, आणि मेण फक्त आत होतं, बाहेर नव्हतं. चौथी कमान आधी काळी पडली, मग वाकली, आणि सगळ्या वर्गासमोर सावकाश बसली. चिखल उंटांपर्यंत गेला. मॅडमनी चष्मा चढवला.

मला आठवतंय, त्या क्षणी मला रडू येत होतं आणि त्याच वेळी स्वतःचा भयंकर रागही येत होता. घड्याळात अजून अठरा मिनिटं होती. अठरा मिनिटं मी चिखल पुसत बसले असते तर तिथेच संपलं असतं. चिखलात उभे असलेले ते उंट माझ्याकडे बघत होते, आणि मला कॉलेजात वाचलेली एक हकिगत आठवली.

"रोमन लोकांचंही असंच झालं होतं," मी म्हणाले. "आणि ते इथून फार लांब नाही."

मुलींनी माना वर केल्या. मी सांगितलं, रोमन लोक आपल्या या दक्षिण भागाला, येमेनपर्यंतच्या पट्ट्याला, सुखी अरबस्तान म्हणायचे. धूप इथून यायचा, मसाले इथून यायचे, त्यामुळे त्यांना वाटायचं, हे लोक सुखी आणि श्रीमंत असणार. मग एका सरदाराबरोबर त्यांनी सैन्य पाठवलं. हे कोण लोक, तर ज्यांनी दऱ्यांवरून पाणी चालवलं होतं, ज्यांच्या शहरात चौकाचौकात कारंजी होती. ते वाळवंटातून आले. वाटाड्याने त्यांना भलत्याच वाटेने फिरवलं असं म्हणतात. वाटेत पाणी नव्हतं, म्हणून उंटांवर लादून न्यावं लागलं. ते नजरानपर्यंत पोचले. नजरान म्हणताच तीन-चार मुली एकदम बोलल्या, आमचे नातेवाईक तिथे राहतात, आम्ही ईदला जातो. मी म्हटलं, तेच नजरान. ते त्यांनी घेतलं, आणखी पुढे गेले, एका तटबंदीच्या गावाला वेढा घालून सहा दिवस बसले. आणि मग परत फिरले. लढाईत त्यांची फारशी माणसं गेली नव्हती. पाणी संपलं होतं.

"मग पूल का नाही बांधला?" पुढच्या बाकावरून एकीने विचारलं.

"पूल असतो पाणी आणायला. आधी पाणी कुठे आहे ते ठाऊक लागतं. ते ठाऊक होतं इथल्या लोकांना, आणि इथले लोक तटाच्या आत बसले होते."

पोरी हसल्या. त्यांचा कल सरळसरळ तटाच्या आतल्या लोकांकडे होता. मीही रंगात आले होते. आणि तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची, तेलकट दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी राहिली. आत्तापर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती.

"मिस, वो लोग जो ऊंट पे पानी ले जा रहे थे, उनको खुद को पीने को मिला क्या?"

मी खडू टेबलावर ठेवला.

ती म्हणाली, "मेरे अब्बू वायत के यार्ड में सुपरवायझर हैं." वायत म्हणजे पाण्याचा टँकर. खमीसला तेव्हा पाण्याची ओढ असायची, टँकरांच्या रांगा लागायच्या. "ड्रायवर लोग पूरा दिन सबको पानी पहुंचाते हैं. अब्बू घर से उनके लिए बोतलें भरके ले जाते हैं. क्योंकि उनकी अपनी बोतल खाली हो जाती है लाइन में."

मला सैनिकांचं माहीत होतं. सरदाराचं माहीत होतं, वाटाड्याचं पुढे काय झालं तेही माहीत होतं. उंटवाल्यांचं माहीत नव्हतं. सात वर्षं शिकवताना आणि त्याआधी शिकताना हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. चांगला प्रश्न आहे, आपण नंतर बोलू, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मॅडम मागून बघत होत्या. पण ती पोरगी उभी होती, आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"किताब में नहीं है?"

"मी वाचलेल्या पुस्तकात तरी नाही. लिहिणाऱ्याने ते लिहिलं नाही, आणि मी ते शोधलं नाही."

ती "ओके मिस" म्हणून खाली बसली. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. तास संपला. मी चिखल फडक्याने गोळा केला, उंट धुऊन पिशवीत भरले आणि बाहेर आले. नवऱ्याने गाडीत विचारलं, "पेशंट?" मी सांगितलं, "गेला." मग सगळं सांगितलं, अळिवासकट. तो टकलाबद्दल जे बोलला होता ते मी त्याला दोनदा ऐकवलं. "माहीत नाही" म्हणाले हेही सांगितलं, तेव्हा तो फक्त "हं" म्हणाला.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. शाळेकडून निरोप नाही. मला कळून चुकलं होतं की जागा प्रोजेक्टरला गेली, आणि तरीही मी संध्याकाळी इंटरनेट लावून बसायचे. फोनच्या तारेतून चालणारं ते कनेक्शन दर दहा मिनिटांनी तुटायचं. मी उंटवाले शोधत होते. सैनिक किती, जहाजं किती, सगळं मिळत होतं. उंट हाकणाऱ्यांबद्दल एक ओळ सापडत नव्हती. नवरा म्हणाला, "आता कशाला शोधतेस? तास तर झाला." मी त्याच्यावर खेकसले. मला त्याला सांगता येत नव्हतं की चार वर्षांनी मला एक खरा प्रश्न मिळाला होता आणि तो मला सोडवत नव्हता. नोकरी जाण्यापेक्षा ती मुलगी पुन्हा भेटणार नाही याचंच मला जास्त वाईट वाटत होतं, आणि हे मलाच विचित्र वाटत होतं.

तिथे तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. त्या गुरुवारी मी कणीक मळत होते आणि फोन वाजला. कोपराने उचलला. प्राचार्य मॅडम होत्या. त्या नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नसत.

"त्या उंटवाल्यांचं उत्तर सापडलं का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले. "आठ दिवस शोधतेय."

"ती मुलगी रोज मधल्या सुट्टीत माझ्या ऑफिसात येते. त्या मिसना उत्तर मिळालं का, विचारते. मला कामं असतात. शनिवारपासून तुम्ही या आणि तिला काय ते सांगा."

"पण मॅडम, मला सापडलेलंच नाही."

"तेही तुम्हीच येऊन सांगा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी तशीच कणकेच्या हातांनी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला हुंदके यायला लागले. नवरा आतून धावत आला. त्याने माझा चेहरा बघितला, फोन बघितला, आणि शांतपणे माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "जाऊ दे. नाही म्हणाल्या ना? जाऊ दे."

मी नाक बाहीला पुसलं आणि म्हणाले, "शनिवारी सकाळी सव्वासहाला गाडी काढ."